गोळ्या चालू आहेत ना?

रत्नदीप नागपूरहून सव्वा तासात आला. एरवी त्याला दोन तास लागतात, कारण सेलूला थांबून चहा घेतल्याशिवाय त्याची गाडी पुढे सरकत नाही. त्या शुक्रवारी त्यानं चहा घेतला नव्हता, दाढी केली नव्हती, आणि वॉर्डात बुटांचा आवाज करू नये हे स्वतः डॉक्टर असून विसरला होता. बापाच्या कपाळावरचे तीन टाके त्यानं पाहिले, मनगटावर बोटं ठेवली आणि खाटेला अडकवलेली फाइल काढून उभ्याउभ्याच वाचायला लागला.

तानाबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. पोरानं आपल्याकडे पाहिलं नाही याचं तिला बरंच वाटलं. लहानपणापासून रत्नदीप तिच्या तोंडाकडे पाहून अर्ध्या गोष्टी ओळखायचा, आणि आज तिच्या तोंडावर काय लिहिलेलं असेल याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

झालं होतं ते असं. बाबाराव थूल, वय एकाहत्तर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, मुक्काम देवळी, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बुधवारी वर्ध्याच्या या हॉस्पिटलात भरती झाले. बीपी जास्त निघालं, म्हणून ऑपरेशन शुक्रवारवर गेलं आणि तोवर गोळ्यांनी बीपी खाली आणायचं ठरलं. गोळ्या कोणत्या, हा प्रश्नच नव्हता. रत्नदीपनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चार गोळ्यांची यादी प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाबाराव शर्टाच्या वरच्या खिशात बाळगत आणि बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही दाखवत. नर्सनं त्या यादीबरहुकूम दोन दिवस गोळ्या दिल्या, त्याही समोर उभं राहून, पाण्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत. शुक्रवारी सकाळी सहाला बाबाराव संडासाला म्हणून उठले आणि दाराशी कोसळले. बीपी इतकं उतरलं होतं की नर्सनं मशीन बिघडलं समजून दुसरं आणलं. ऑपरेशन रद्द झालं आणि त्याऐवजी सलाइन लागलं.

“वरचं ऐंशी,” रत्नदीप म्हणाला. “ऐंशीवर येईपर्यंत कोणाचंच लक्ष नव्हतं?”

समोर डॉक्टर अंकिता उभी होती. शिकून नुकतीच बाहेर पडलेली, हिंगणघाटकडची, सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. पहाटेपासून ती बाबारावांच्या उशापासून हलली नव्हती, हे तानाबाईनं पाहिलं होतं. टाकेही तिनंच घातले होते.

“सर, गोळ्या तुमच्याच यादीतल्या आहेत. डोसही तुम्ही लिहिलेलाच,” ती म्हणाली.

“याच डोसवर माझे वडील जुलैपासून आहेत. एवढ्या महिन्यांत त्यांना साधी चक्कर आली नाही, आणि तुमच्याकडे दोन दिवसांत ते पडतात. मग चूक कुठे झाली, तुम्हीच सांगा.”

अंकितानं फाइलकडे पाहिलं, बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव डोळे मिटून पडले होते, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत हे बेचाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला कळतं. चूक कुठे झाली ते त्या वॉर्डात दोघांनाच ठाऊक होतं. एक जण डोळे मिटून पडला होता आणि दुसरी स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

बाबाराव चारपैकी तीन गोळ्या घेतच नव्हते. आठ महिने.

ही गोष्ट मार्चातली. त्याआधी बाबारावांना बीपीची एकच बारीक पांढरी गोळी होती आणि ती ते वर्षानुवर्षं इमानानं घेत होते. फेब्रुवारीत रत्नदीपनं तिला दोन जोडल्या. त्यातली एक लघवीची होती, अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी. सकाळी चहानंतर घ्यायची, असं त्यानं यादीत लिहिलं. आता बाबारावांची सकाळ कशी असते, हे देवळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रविवार सोडून रोज सातला ते विहारामागच्या अभ्यासिकेचं कुलूप काढत आणि साडेबारापर्यंत तिथे बसत. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची तीसेक पोरंपोरी तिथे वाचत. तिथे संडास एकच. तोही बाबारावांनीच नगरपरिषदेत चपला झिजवून बांधून घेतलेला, फक्त पोरींसाठी. किल्ली पोरींच्या बाजूच्या खिळ्याला असे आणि पुरुषानं तिला हात लावायचा नाही हा नियम बाबारावांनी स्वतः फळ्यावर लिहिला होता. गोळी पोटात गेली की तासाभरात त्यांना घराकडे पळावं लागे. घर दहा मिनिटांवर. दोनदा ते वेळेत पोचले. तिसऱ्यांदा पोचले नाहीत.

त्या दिवशी ते घरी आले ते पाण्याची बाटली मांडीवर सांडली असं सांगत. तानाबाईनं काही विचारलं नाही. पॅन्ट धुताना तिला कळायचं ते कळलं. बाटलीच्या पाण्याला वास नसतो. तिनं पॅन्ट दोनदा धुतली, मागच्या तारेवर वाळत घातली आणि संध्याकाळी त्यांना आवडतं म्हणून झुणका केला.

पुढे चौदा एप्रिलच्या माळा काढायला तिनं लोखंडी पेटी उघडली, तर तळाशी बाबारावांची चामडी बॅग लागली. कंडक्टरची, नोकरी सुटताना डेपोत एक जमा करून हौसेनं दुसरी स्वतः घेतलेली. आत मूठभर गोळ्या, लघवीची सोडली तशी तिच्यासोबत आलेली दुसरीही बाबारावांनी सोडून दिली होती. रत्नदीपनं रिकाम्या पाकिटांचे फोटो पाठवायला सांगितलं होतं, म्हणून हा माणूस रोज पाकिटातून गोळ्या काढत होता आणि पोरानं पाठवलेली वस्तू फेकवत नाही म्हणून बॅगेत ठेवत होता. पाकिटं रिकामी होत होती, फोटो जात होते आणि बीपी उतरत नव्हतं. बीपी उतरत नाही म्हणून रत्नदीपनं जुलैत चौथी गोळी वाढवली. ती सरळ बॅगेतच गेली.

तानाबाईनं पेटी पुन्हा लावून टाकली होती. नवऱ्याचं एवढंसं झाकलेलं आपण उघडं करावं असं तिला तेव्हा वाटलं नाही. आता ते तीन टाके पाहताना तिला वाटत होतं की ते आपणच घातलेत, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

दहा वाजेपर्यंत माणसं जमली. भावना ऑफिसमध्ये अर्ज टाकून बोरगाव मेघ्यावरून आली. जिल्हा परिषदेत वीस वर्षं काढलेली थोरली लेक, आईबापाच्या दवाखान्यांच्या चकरा सगळ्या तिच्याच वाट्याच्या. पाठोपाठ बाबारावांचे धाकटे भाऊ हरिदास कापसाची वेचणी टाकून मोटरसायकलवर आले आणि आल्याआल्या म्हणाले की दहा माणसं आणतो, गेटसमोर बसतो, मग बघू डॉक्टर कसे बोलत नाहीत. भावनानं त्यांना चहा आणायला पाठवलं. हरिदासरावांना काहीतरी काम दिलं की ते निम्मे शांत होतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

हे हॉस्पिटल भावनानं ठरवलं होतं. रत्नदीपला बाप नागपूरला हवा होता. त्यामुळे सुरुवातीला ती भावाशी तावातावानं भांडली. इथले डॉक्टर चांगले आहेत, मी आठवड्याला इथे असते, तू असतोस फोनवर, वगैरे. पण मग तिनं बापाचं कपाळ जवळून पाहिलं. डोळ्यावरची सूज निळी पडायला लागली होती. ती भावाशेजारी जाऊन उभी राहिली. घरात आजवर जी भांडणं झाली त्यात ही दोघं एका बाजूला क्वचितच सापडली होती. तानाबाईला एरवी त्याचा आनंद झाला असता.

दोघं मोठ्या डॉक्टरांना भेटून आली. मोठे डॉक्टर म्हणाले की लेखी तक्रार द्या, चौकशी होईपर्यंत डॉक्टर अंकिताला या वॉर्डातून हलवतो. त्यांच्या बोलण्यात अंकिताविषयी एकही वाईट शब्द नव्हता, पण चांगलाही नव्हता. भावनाचा हात सरकारी मराठीत बसलेला, म्हणून तक्रार लिहायला ती बसली. उपरोक्त विषयास अनुसरून, इथपर्यंत ती आलीही.

तानाबाईनं नवऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, “सांगून टाका ना.”

बाबारावांनी डोळे न उघडता मान भिंतीकडे वळवली. “झालं ते झालं. आता बीपी ठीक आहे. कायले वाढवतं?”

“त्या पोरीवर येऊन राह्यलं.”

“मोठे डॉक्टर आहेत. ते पाहतीन.”

ती उठली. देवळीला जाऊन बाबांचे कपडे आणते, असं तिनं भावनाला सांगितलं. कपड्यांची पिशवी खाटेखालीच होती, पण तक्रारीच्या वाक्यात अडकलेल्या भावनाच्या ते लक्षात आलं नाही. रत्नदीप गाडीनं सोडतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. अठरा किलोमीटर त्याच्या शेजारी बसून गप्प राहणं तिला जमलं नसतं.

बसमध्ये खिडकी मिळाली. कंडक्टर नवीन पोरगी होती. मशीनमधून तिकीट काढून देताना तिनं तानाबाईकडे पाहून, आजी जपून बसा, म्हटलं. तानाबाईला वाटलं, अंकिताच्याच वयाची असेल. मग तिला चौऱ्याण्णव साल आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते साल ती कधी विसरलीच नव्हती. कुणा प्रवाशानं खोटी तक्रार केली होती की कंडक्टरनं दारू पिऊन शिव्या दिल्या. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तीन महिने निलंबित झाला. रत्नदीप तेव्हा बालवाडीत होता आणि तानाबाई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. पैशाचं तिला फार वाटलं नव्हतं. नवऱ्याचं एकच वाक्य तिच्या मनात राहिलं होतं. संध्याकाळी अंगणात बसून तो म्हणायचा की मले कोनी विचारलंच नाई, नुसतं एकवार विचारलं असतं तरी चाललं असतं.

देवळीला तिनं पेटी उघडली, माळा बाजूला केल्या आणि बॅग उचलली. एप्रिलात हलकी होती, आता भरली होती. पदराखाली धरून ती परतीच्या बसला लागली तेव्हा गोळ्या आत खळखळत होत्या, आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं याचा तिनं विचारही केला नव्हता.

दीड वाजता ती वॉर्डात पोचली. तक्रार लिहून झाली होती. दोन पानं, मुद्देसूद, खाली रत्नदीपची सही आणि त्याच्या पदव्या. मोठे डॉक्टर ऑपरेशनमधून बाहेर यायची वाट चालू होती. हरिदास काका बाकावर डुलक्या घेत होते. बाबाराव उशीला टेकून बसले होते आणि भावना त्यांना चमच्यानं वरण भरवत होती.

तानाबाईनं बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबारावांनी तिच्याकडे पाहिलं ते असं, की क्षणभर ती डगमगली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. पण बॅग तिनं उचलली नाही.

“तुमी सांगता का मी सांगू?” ती म्हणाली. “चौऱ्याण्णवमदी तुमी तीन महिने अंगनात बसून एकच गोष्ट म्हनत होते. आठवते का?”

“आई, काय आहे हे?” रत्नदीपनं विचारलं. तानाबाईनं मनाशी ठरवलं होतं की बॅग आपण आणायची, उघडायची मात्र त्यांनी. एवढा मान त्यांचा त्यांना राहिला पाहिजे.

बाबाराव बराच वेळ बॅगेच्या बकलावर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी बकल काढलं आणि बॅग चादरीवर उपडी केली. पांढऱ्या, गुलाबी, पिवळट अशा सहाशेच्या आसपास गोळ्या त्यांच्या पायांभोवती पसरल्या. दोनचार खाली घरंगळल्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

“तुह्या गोळ्या,” बाबाराव म्हणाले. “मी घेतच नव्हतो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, न थांबता, अपघाताचा रिपोर्ट द्यावा तसं. लघवीची गोळी, अभ्यासिका, पोरींचा संडास, पाण्याची बाटली. बाटलीचंही त्यांनी खरं काय ते सांगितलं. भावनाच्या हातात वरणाची वाटी तशीच होती.

रत्नदीप खाटेच्या लोखंडी कठड्याला धरून उभा होता. बीपी का उतरत नाही म्हणून त्यानं आठ महिन्यांत काय काय नाही केलं. मोठ्या लोकांना विचारलं, डोस वाढवला, किडनीची तपासणी करवली. दर रविवारी दहा वाजता न चुकता फोन केला.

“मले काऊन नाई सांगतलं, बाबा?” त्यानं विचारलं. नागपूरच्या डॉक्टराची भाषा केव्हाच गळून पडली होती. “दर रविवारी इचारत होतो ना मी.”

“काय इचारत होता?”

“गोळ्या चालू आहेत ना म्हनून.”

“मंग? ‘चालू आहेत ना’ म्हटल्यावर मानूस काय म्हनन? हौच म्हनन. त्या सवालात नाई म्हनायले जागा कोठी होती?” बाबाराव थांबले. “अन् साऱ्या देवळीले सांगत फिरलो, माह्यं पोरगं डॉक्टर. त्याचीच गोळी मी घेत नाई, हे कोन्या तोंडानं सांगू तुले? दुसरा डॉक्टर असता तं भांडलो असतो त्याच्यासंग.”

रत्नदीपनं तोंड फिरवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथून पार्किंगशिवाय काही दिसत नाही. भावना मात्र आईकडे वळली. तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि रागही होता.

“तुले माहीत होतं, आई?”

“हौ.”

“कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

“मी दर महिन्याला पाकिटांचे फोटो काढत होती. तू बाजूले उभी राहत होती.”

तानाबाईनं मान हलवली. झाकलं ते नवऱ्याच्या मानासाठी झाकलं हे खरं, आणि त्यापायी त्याचं कपाळ फुटलं हेही खरंच. “चुकलं माह्यं,” ती म्हणाली, आणि आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलेला हा शब्द बोलून खाली पडलेल्या गोळ्या वेचायला लागली. थोड्या वेळानं भावनाही खाली बसली आणि दोघी वेचत राहिल्या.

रत्नदीप परत आला. टेबलावरची दोन पानं त्यानं उचलली, चार तुकडे करून खिशात घातली आणि मोठ्या डॉक्टरांच्या केबिनकडे गेला. तिथे तो काय बोलला ते त्यानं घरी कधी सांगितलं नाही. परत आला तो डॉक्टर अंकिताला घेऊनच. तिच्यापुढे बापाच्या देखत तो म्हणाला की चूक माझी होती, मॅडम, मला माफ करा.

अंकितानं चादरीवरच्या गोळ्या पाहिल्या. हसावं की रडावं, अशी तिची गत झाली असावी. तिनं हसू आवरलं. “माझीही आहे, सर,” ती म्हणाली. “भरती करताना मी विचारलं होतं, काका सगळ्या गोळ्या घेता ना? ते हौ म्हणाले. मी लिहून घेतलं.”

मग ती स्टूल ओढून बाबारावांसमोर बसली. सकाळपासून ती या घरच्या लोकांपुढे उभीच होती. फाइल तिनं मिटून बाजूला ठेवली आणि एक कोरा कागद घेतला.

“काका, मला तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत.”

“दिवस?”

“हो. किती वाजता कुठे असता ते.”

बाबारावांनी तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं. सत्तर वर्षांत त्यांचा दिवस कुण्या डॉक्टरनं विचारला नव्हता. पण वेळापत्रक म्हटल्यावर कंडक्टर कुठे मागे राहतो. पाचला उठतो, साडेपाचला फिरणं, साडेसहाला चहा, सातला अभ्यासिका, साडेबाराला कुलूप, पाऊणला घरी. जेवण, अर्धा तास आडवा. संध्याकाळी पाचला पेपर वाचायला चौकात. ते सांगत गेले आणि अंकिता लिहीत गेली. मध्ये रत्नदीपनं काही सांगायला तोंड उघडलं, तर ती त्याच्याकडे न पाहताच म्हणाली की सर, दोन मिनिटं काकांना बोलू द्या. रत्नदीपनं तोंड मिटलं. हे दृश्य तानाबाईनं पुढे कितीतरी जणींना रंगवून सांगितलं.

लिहिणं झाल्यावर अंकिता म्हणाली की चार गोळ्यांची गरजच नाही. त्या वाढल्या त्या आधीच्या पोटात जात नव्हत्या म्हणून. जुनी पांढरी रात्री झोपताना घ्यायची. लघवीची दुपारी एकला, घरी पोचल्यावर, संडास जवळ असताना. बाकीच्या दोन बंद. आठवड्यानं बीपी पाहू आणि मग पुढचं ठरवू.

“जमेल का काका? जमण्यासारखं नसेल तर आत्ताच सांगा.”

बाबाराव विचारात पडले. हौ ओठांवर आलंच होतं, तानाबाईनं ते पाहिलं. सवय होती ती. पण त्यांनी ते गिळलं.

“रविवारी नाई जमत,” ते म्हणाले. “रविवारी दुपारी विहारात बैठक राह्यते, तीनपर्यंत.”

“मग रविवारी चारला घ्या. चालेल?”

“चारले जमते.”

“आणि एखाद्या दिवशी बाहेरगावी असलात, नाही घेता आली, तर नाही घेतली. फक्त मला खरं सांगायचं. तुम्ही खरं सांगितलं नाही तर मी आंधळी आहे, काका. आज सकाळी होते तशी.”

बाबारावांनी मान खाली घातली. “तुमच्यावर आलं असतं, पोरी. लय चुकलं,” ते म्हणाले. अंकिता त्यावर मोठेपणाचं काही बोलली नाही. होय, आलं असतं, एवढंच म्हणाली आणि कागद उलटून हर्नियाकडे वळली.

हर्नियाचं तिनं दोन्ही बाजूंनी सांगितलं. केलं तर सहा आठवडे वजन उचलायचं नाही, अभ्यासिकेचं शटरही नाही. थांबलं तरी चालण्यासारखं आहे, कारण हर्निया दुखत नाही आणि आडवं झालं की आत जातो. पण आत जाईनासा झाला, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर त्याच घटकेला यायचं, पेपर वाचत बसायचं नाही. हरिदास काका जागे होऊन म्हणाले की करूनच टाका, बला टळेल. भावनाला थांबावंसं वाटत होतं. सगळ्यांनी सवयीनं रत्नदीपकडे पाहिलं. रत्नदीपनं बापाकडे पाहिलं.

बाबारावांनी तानाबाईला विचारलं, “तुले काय वाटते?”

“पोट तुमचं आहे,” ती म्हणाली. “पन पोरीईच्या परीक्षेआधी तुमी आडवे पडले तं तुमाले चैन पडनार नाई, अन् मलेही पडू देनार नाई.”

परीक्षा जानेवारीत होती. ऑपरेशन फेब्रुवारीत करायचं ठरलं. ठरवलं बाबारावांनी, आणि अंकितानं ते तसंच लिहिलं. पेशंटच्या इच्छेनुसार, आणि खाली कशाकशासाठी लगेच यायचं ते मराठीत. मग तिनं तो कागद त्यांच्याकडूनच वाचून घेतला.

शनिवारी त्यांना सुट्टी मिळाली. भावना आईशी दहाएक दिवस तुटक बोलत होती, मग एका संध्याकाळी तिनं स्वतःहून फोन करून झुणक्यात लसूण कधी घालायचा ते विचारलं. तिला झुणका येत नव्हता असं नाही. गोळ्या हॉस्पिटलच्या मेडिकलवाल्यानं नष्ट करायला ठेवून घेतल्या आणि रिकामी बॅग घरी आली. तानाबाईनं ती तेल लावून पुसली आणि पेटीत न टाकता बाहेरच्या खोलीत खिळ्याला लटकवली.

दुसऱ्या रविवारी दहाला फोन वाजला. बाबारावांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. हा फोन आजवर दीड मिनिटाचा असे. तब्येत बरी ना, गोळ्या चालू आहेत ना, आईला दे. तानाबाई तांदूळ निवडत बसली होती.

“बाबा, गोळ्या...” रत्नदीपनं सुरुवात केली आणि तो थांबला. पलीकडे नागपूरच्या रस्त्याचा आवाज येत राहिला. “बाबा, ह्या आठवड्यात कोनती गोळी सुटली?”

बाबारावांनी तानाबाईकडे पाहिलं. ती तांदळातून मान वर काढेना.

“बुधवारची दुपारची,” ते म्हणाले. “नाई घेतली. पोरीईले घेऊन वर्ध्याले गेलतो. मैदानावर धावन्याची तालीम होती त्याईची. तथी कोठी जागा पाहू?”

तानाबाईचा हात सुपात थांबला. आता हा डॉक्टर बोलेल, असं तिला वाटलं, आणि तो बोलला तर बाप पुन्हा हौ म्हणायला लागेल हेही तिला दिसत होतं.

“बरं,” रत्नदीप म्हणाला. “किती पोरी होत्या? धावल्या का चांगल्या?”

बाबारावांनी फोन टेबलावरून उचलून हातात घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले. नऊ पोरी होत्या. त्यातली एक पायात चप्पलही न घालता पहिली आली होती. अकराच्या सुमारास तानाबाईनं तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले, तेव्हा ते चौथ्या पोरीवर होते.